‘कंपॅटिबल नाही’ म्हणजे नक्की काय?

शनिवार सकाळ आहे, दुसरा चहा झालाय आणि आज मला भांडायचंय. कुणाशी? आधी वाटलं होतं एका कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराशी. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की दुकानदार दोन नंबरला आहे. पहिल्या नंबरला मी स्वतः आहे. आणि माफ करा मंडळी, माझ्या मागे रांगेत तुम्हीपण आहात.

तर झालं असं.

माझा धाकटा मावसभाऊ चौसाळ्याला फोटो स्टुडिओ चालवतो. बीडहून निघून मांजरसुंब्यावरून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की येतं ते चौसाळा. जुना राष्ट्रीय महामार्ग २११, आताचा ५२. ‘फोटो स्टुडिओ’ ही आपली म्हणायची पद्धत. प्रत्यक्षात तिथे पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाच्या फ्लेक्सचं डिझाइन, परीक्षेचे ऑनलाइन फॉर्म, पीक विम्याच्या प्रिंटा, सगळं चालतं. आणि हे सगळं एका डेस्कटॉपवर. २०१२ मध्ये घेतलेला. एच६१ चिपसेटचा बोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि व्हीजीए केबलचा मॉनिटर. मध्ये कधीतरी त्याने एसएसडी टाकली, तेव्हापासून मशीन बरं पळतं. अडचण एकच, ऑनबोर्ड ग्राफिक्स. बारा बाय छत्तीसचं अल्बमचं पान उघडून झूम केलं की फोटोशॉप मान टाकतं.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. “दादा, ग्राफिक्स कार्ड टाकलं तर भागंल का?”

माझी मीटिंग सुरू होणार होती. मी म्हणालो, “अरे, तेरा वर्षं जुना झाला तो. त्यात आता पैसे घालू नकोस. सरळ नवीन घे.” फोन संपला. चाळीस सेकंद लागले असतील. मला वाटलं, मी सल्ला दिला.

त्याने माझं ऐकलं नाही (बरं केलं). साडेसहा हजारांचं जीटी १०३० कार्ड घेतलं. ज्या दुकानातून घेतलं तिथेच बसवायला मशीन नेलं. बसवलं, तर मॉनिटर काळा. कार्ड काढलं, तर मॉनिटर चालू. परत बसवलं, परत काळा. अर्धा तास खटपट झाल्यावर निकाल लागला, “बोर्ड जुना आहे. कार्ड कंपॅटिबल नाही.” कार्ड परत घेणार का? नाही, खोका फोडलाय. मग करायचं काय? नवीन मशीन, बावन्न हजार. वर हेही ऐकवलं की आता विंडोज १० पण बंद होतंय, किती दिवस ओढणार?

२०२५ च्या दिवाळीत मी मावशीकडे गेलो तेव्हा टीव्हीच्या खाली पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज होता. निम्मा भरलेला. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, त्याच्या आत मशीन हवं. बावन्न हजार म्हणजे पुण्यातल्या आपल्या लोकांना एका फोनची किंमत. चौसाळ्यातल्या एकट्या माणसाच्या स्टुडिओला ती अख्ख्या सीझनची कमाई असू शकते. कारखाने सुरू झाले की त्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. गिऱ्हाईक बारा महिने सारखं नसतं. हप्ता मात्र बारा महिने सारखा असतो.

अर्जावर ‘कर्जाचे कारण’ असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटर खराब’.

इथे माझं डोकं फिरलं. कॉम्प्युटर खराब नव्हताच!

म्हटलं, बसव ते कार्ड, बघू. बसवलं, चालू केलं. पंखा फिरला. मॉनिटर काळा. कीबोर्डचं नमलॉक दाबलं, दिवा लागला. परत दाबलं, विझला. दोन मिनिटं थांबून पेनड्राइव्ह लावला. स्पीकरमधून ‘टुंग’ असा आवाज आला.

आता बोला! म्हणजे बोर्डाला कार्डाचा काही त्रास नव्हता. बायोस पुढे सरकलं होतं, विंडोज चढलं होतं, पेनड्राइव्ह ओळखला जात होता. मशीन आत बसून नीट काम करत होतं, फक्त आपल्याला दिसत नव्हतं. दुकानातल्या अर्ध्या तासात हे एकानेही बघितलं नाही, कारण ‘जुनं आहे’ हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

मग भावाने खिशातून व्हीजीएचा कन्व्हर्टर काढला. म्हणाला, “हा त्यांनीच दिला. बसंना झाला तर पक्कडीनं चार पिना कापून बसवून दिला, तरी दिसना झालंय.”

आता जरा तांत्रिक बोलतो, पण सोडून देऊ नका, कारण सगळी मेख त्या चार पिनांत आहे.

व्हीजीए हे आयबीएमने १९८७ मध्ये आणलेलं प्रकरण. ते ॲनालॉग आहे, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून कमीजास्त व्होल्टेजने जातात. पुढे डिजिटल डीव्हीआय आलं, तेव्हा जुन्या मॉनिटरवाल्यांची सोय म्हणून डीव्हीआय-आय नावाच्या प्रकारात चपट्या पट्टीच्या भोवती चार जादा पिना ठेवल्या. त्या चार पिना म्हणजे लाल, हिरवा, निळा आणि आडव्या ओळींचा ताल सांभाळणारा सिग्नल. कन्व्हर्टर स्वतः काही करत नाही, या पिनांवर आलेलं ॲनालॉग फक्त व्हीजीएच्या तोंडाला पोचवतो. पण एनव्हीडियाने २०१६ मध्ये पास्कल पिढी आणली आणि कार्डातून ॲनालॉग पूर्ण काढून टाकलं. २०१७ चं जीटी १०३० याच पिढीतलं. त्याला एक एचडीएमआय असतं आणि एक डीव्हीआय-डी. या डीव्हीआय-डीला त्या चार पिनांची भोकंच नसतात. कन्व्हर्टर आत जात नव्हता तो यामुळे.

म्हणजे खाच सांगत होती की बाबा, इथून ॲनालॉग मिळणार नाही. आणि आपल्या माणसाने काय केलं? पक्कड घेऊन नेमक्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या पिना कापल्या आणि वर म्हणाला की चित्र येत नाही!

मग मॉनिटरची केबल मागे बोर्डाच्याच व्हीजीएला लावली तर? तेही काळं. कारण असे बरेचसे बोर्ड कार्ड दिसलं की ऑनबोर्ड ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये ती सेटिंग असते. पण हे माहीत नसलं की माणूस समजतो, कार्डाने बोर्डच मारला.

घरात एचडीएमआयवालं यंत्र एकच होतं, मावशीचा टीव्ही. मालिका चालू होती. मावशी म्हणाली, “पाचच मिनिटं हं.” सीपीयू उचलून टीव्हीपाशी नेला, केबल लावली, बटण दाबलं. बत्तीस इंची पडद्यावर बायोसचा लोगो आला, मग विंडोज, मग भावाच्या पोराचा फोटो असलेला डेस्कटॉप. कुणीच काही बोललं नाही. भाऊ उठला आणि त्याने तो अर्ज टीव्हीखालून काढून आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बीडला एका मोबाइलच्या दुकानात एचडीएमआय ते व्हीजीए ॲडॉप्टर मिळाला. साडेतीनशे रुपये. याच्यात छोटी चिप असते, ती डिजिटलचं खरोखर ॲनालॉग करते आणि तिला लागणारी वीज एचडीएमआयमधूनच घेते. ड्रायव्हर टाकला. अल्बम झूम होतोय. बावन्न हजारांचा रोग साडेतीनशेत बरा झाला.

गोष्ट संपली. आता भांडण.

‘कंपॅटिबल नाही’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही, आणि कारण सांगतो. आपण प्रॉडक्शनवर एखादा एरर आला तर ‘चालत नाही’ असा बग कुणी टाकला तर काय करतो? परत पाठवतो. कुठल्या पायरीला अडलं, काय अपेक्षित होतं, काय दिसलं, हे लिही म्हणतो. तोच आपण गावाकडच्या माणसाच्या मशीनबद्दल ‘जुनं आहे, नवीन घे’ असा निकाल चाळीस सेकंदांत देतो. लॉग बघायचा नाही, काही नाही, थेट सर्व्हर फेकून द्या!

कार्ड आणि जुन्या मशीनचं जमत नसेल तर ते न जमण्याच्या जागा मोजक्या आहेत. चार-पाचच.

पहिली, वीज. पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट ७५ वॉटपर्यंत देऊ शकतो. जीटी १०३० ला ३० वॉट पुरतात, २०१४ च्या जीटीएक्स ७५० टीआयला ६०. त्यावरच्या कार्डांना सहा पिनांची किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते, अनुक्रमे ७५ आणि १५० वॉटची. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असतं, पण बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. कार्डाला खायला तिथूनच मिळतं. कार्ड काम करताना मशीन रीस्टार्ट होत असेल तर आधी संशय इथे घ्या.

दुसरी, स्लॉट. २००४ पासूनचा पीसीआय एक्सप्रेस नव्या-जुन्या पिढ्या सांभाळून घेतो, फक्त वेग कमी होतो. तिसरी, बायोस. काही जुन्या बोर्डांवर नवं कार्ड पहिला लोगोसुद्धा दाखवत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर नवं बायोस असेल तर आधी ते टाकून बघा, आणि ते टाकताना लाइट जाणार नाही याची सोय करून बसा. चौथी, ड्रायव्हर. पाचवी, आमची, म्हणजे केबल आणि मॉनिटर. आणि हो, कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी कार्ड काढून सोनेरी पट्टी खोडरबराने पुसा आणि परत नीट बसवा. हसू नका. या एका गोष्टीने किती मशीन उठलीत!

आता तुम्ही म्हणाल, याचं म्हणणं असं दिसतंय की सगळंच सगळ्यात चालतं. नाही हो. खरी न जमणारी प्रकरणं असतात आणि त्यातलं एक मी स्वतः भोगलंय. कॉलेजात असताना, तेव्हाच्या औरंगाबादला, मित्राचं जुनं एजीपी कार्ड माझ्या इंटेल ८४५ चिपसेटच्या बोर्डात घातलं होतं. जुनी एजीपी कार्डं ३.३ व्होल्टची, ८४५ ला फक्त १.५ चालायचे. चुकू नये म्हणून कार्डाच्या खाचा वेगळ्या असायच्या, पण काही स्वस्त कार्डांना दोन्ही खाचा पाडलेल्या असत. बसलं झकास. मग वास आला. बोर्ड गेला. आजही तो वास आठवतो. हे खरं ‘कंपॅटिबल नाही’. यात व्होल्टेज आहे, आकडा आहे, कारण आहे.

आजही अशी कारणं आहेत. इंटेलच्या आर्क कार्डांना रीसायझेबल बार नावाची सोय बोर्डात लागते, ती नसेल तर घेऊ नका. एएमडीचं २०२२ चं आरएक्स ६४०० स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या स्लॉटमध्ये त्याचा वेग मार खातो. खुद्द जीटी १०३० एकाच नावाने दोन प्रकारांत विकलं गेलंय. २०१८ मध्ये आलेल्या डीडीआर४ वाल्याची मेमरी आधीच्या जीडीडीआर५ वाल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश वेगाची. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचूनच घ्या. ही सगळी कारणं आहेत आणि ती तोंडावर सांगता येतात. ‘जुनं आहे’ हे कारण नाही, ती जन्मतारीख आहे.

आणखी एक. यातलं बरंचसं ‘जुनं’ आपोआप होत नाही, कुणीतरी बसून ठरवतं. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग, एलजी यांनी मिळून जाहीर केलं की २०१५ पर्यंत व्हीजीए हद्दपार करायचं. करायला हरकत नाही, तंत्र जुनंच होतं. पण मॉनिटरला ते पत्रक कुठे गेलं होतं? तो चौसाळ्यात टेबलावर बसलाय आणि अजून झकास दिसतोय.

दुसरं उदाहरण व्हिस्टाचं. २००६ मध्ये मशीनवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लागले. त्यात इंटेलच्या ९१५ चिपसेटची मशीनंही होती, ज्यांच्या ग्राफिक्सला व्हिस्टाचा तो चकचकीत काचेरी पडदा झेपणारच नव्हता, कारण लागणाऱ्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर त्यांच्यासाठी नव्हता. त्यांना स्टिकर मिळावा म्हणून अटच सैल केली गेली. २००७ मध्ये अमेरिकेत गिऱ्हाइकांनी कोर्टात खेचलं आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या. त्यात त्यांच्याच एका उपाध्यक्षाने तक्रार केली होती की हा स्टिकर बघून घेतलेला लॅपटॉप आता २१०० डॉलरचं ईमेल बघायचं यंत्र झालंय. म्हणजे विकायचं असतं तेव्हा न जमणारंही ‘कंपॅटिबल’ असतं, आणि पुढचं विकायचं असतं तेव्हा जमणारंही ‘कंपॅटिबल नाही’ होतं. शब्द तोच.

आता तुमचे आक्षेप. मला माहितेत, कारण ऑफिसात जेवताना सगळे ऐकून झालेत.

“अरे, तुझ्या दोन दिवसांची किंमत काढ, त्यात नवीन मशीन आलं असतं.” हा हिशोब मला फार विनोदी वाटतो. माझ्या तासाचा दर माझी कंपनी देते, भाऊ नाही. दिवाळीत मी त्या तासांत फराळ खाऊन लोळणार होतो. मी लोळलो असतो आणि हप्ते त्याने भरले असते. वाचलेला वेळ माझा आणि गेलेले पैसे त्याचे, याला ‘व्यवहारी’ म्हणायचं असेल तर म्हणा.

“विंडोज १० चं काय?” हा आक्षेप खरा आहे, टाळत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीच्या पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. भावाचा आय३ दुसऱ्या पिढीचा. म्हणून मी मशीनचे दोन भाग केले. बँक, फॉर्म, लोकांच्या आधारच्या झेरॉक्सा, असलं ऑनलाइन काम दुसऱ्या पार्टिशनवर लिनक्समध्ये. फोटोशॉप विंडोजमध्ये, नेटची वायर काढून. कार्डाचंही तसंच. पास्कल पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला संपले, सुरक्षेपुरते ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे त्याला तारीख माहीत आहे. नवीन मशीन त्यालाही घ्यायचंच आहे, पण त्याच्या सोयीने, पैसे साठवून. घाबरून, सीझनच्या तोंडावर, कर्ज काढून नाही.

“दुकानदाराला पण पोट आहे.” आहे ना! मग तपासायचे दोनशे-तीनशे रुपये घ्यावेत त्याने, हक्काने. आपणच ते देत नाही, ही आपली चूक. कारण शोधायचे पैसे मिळत नाहीत आणि मशीन विकल्यावर मिळतात, तर तो काय शोधेल? जो सुटा भाग बदलतो तो ‘मेकॅनिक’ आणि जो कारण सांगतो तो ‘फुकट सल्ला देणारा’, हे आपणच करून ठेवलंय. भावाच्या गावात कारण शोधणाऱ्याला दोनशे रुपये मिळाले असते, तर ती पक्कड बाहेर आलीच नसती.

आणि फेकलेलं जातं कुठे? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ ला आलं. चांगलंच आहे. पण कंपन्यांकडे दुरुस्तीचा हक्क मागायचा आणि मावसभावाला फोनवर ‘फेकून दे’ म्हणायचं, हे एकाच तोंडाने जमत नाही.

तर विनंती एवढीच. गावाकडून असा फोन येईल. येतोच, आपण सगळ्यांच्या घरातले ‘कॉम्प्युटरवाले’ आहोत. तेव्हा ‘नवीन घे’ म्हणायच्या आधी तीन प्रश्न विचारा. नमलॉकचा दिवा लागतो-विझतो का? मॉनिटरची वायर कुठल्या भोकात आहे, फोटो पाठव. घरात टीव्ही आहे ना, त्याला लावून बघ. तीन प्रश्नांना दहा मिनिटं लागतात. मीटिंग असेल तर सांगा की रात्री करतो, आणि रात्री खरंच करा.

त्या कापलेल्या पिनांचा कन्व्हर्टर मी भावाकडून मागून आणलाय. ऑफिसात मॉनिटरखाली ठेवलाय. कुणी ‘जुनं आहे, काढून टाकू’ म्हणालं की बघतो त्याच्याकडे.

असो. चहा गार झाला. भावाने काल पहिला अल्बम पाठवला, नवरा-नवरीच्या मागे आयफेल टॉवर लावलाय. त्याचं कार्ड मस्त चालतंय, त्याच्या आवडीनिवडीवर मात्र माझ्याकडे ड्रायव्हर नाही.